अंगणातलं विज्ञान : सोयाबीनच्या गाठीत कोण राहतं?

मागच्या महिन्यात पहिल्या पावसानंतर येणाऱ्या मातीच्या वासाबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातलं एक पत्र मी दोनदा वाचलं. लिहिणारी मुलगी इंदूरची, नोकरीला बंगळुरूला. घरची थोडी शेती देवासच्या पुढे आहे आणि ती तिचे काका बघतात. तिने लिहिलंय :

"या वर्षी माझ्या सांगण्यावरून काकांनी सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम कल्चर लावलं. एका पट्ट्यात लावलं, बाजूच्या पट्ट्यात नाही लावलं. राखीला आले तेव्हा दोन्हीकडची रोपं उपटून पाहिली, तर गाठी दोन्हीकडे सारख्याच! काका म्हणाले, 'तुझं पाकीट म्हणजे मातीत माती. पुढच्या वर्षी सरळ युरिया टाकतो.' मला पाकिटाच्या पैशाचं वाईट वाटलं नाही. काकांनी शेतीतलं माझं काही पहिल्यांदाच ऐकलं होतं, त्याचं वाटलं. पाकीट खोटं होतं का?"

पाकीट खोटं असेल किंवा खरंही असेल, इथे बसून मला ते सांगता येणार नाही. पण पाकीट अगदी अस्सल असलं, तरी नेमकं असंच दिसू शकतं. ते का, हे आज पाहू. त्यासाठी आधी त्या गाठीच्या आत जायला हवं.

आपल्या आजूबाजूच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन, म्हणजे नत्र आहे. प्रथिनं बनवायला प्रत्येक झाडाला नत्र लागतं. तरीही झाड हवेतलं नत्र घेऊ शकत नाही, कारण हवेत नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असतात. तो बंध सोडवणं सोपं नाही. युरियाच्या कारखान्यात त्यासाठी मोठं तापमान आणि शंभर-दोनशे पट हवेचा दाब लागतो. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली ते प्रयोगशाळेत करून दाखवलं आणि १९१३ साली जर्मनीत त्याचा पहिला कारखाना सुरू झाला.

काही जिवाणू मात्र हेच काम शेतातल्या साध्या तापमानात करतात. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं विकर असतं. शेतकऱ्यांना याचा परिणाम फार पूर्वीपासून माहीत होता. तूर, मूग, हरभरा यांच्यानंतर घेतलेला गहू चांगला येतो, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कुणी शिकवावं लागलं नाही. पण कारण कळायला १८८६ साल उजाडावं लागलं. जर्मनीत हेल्रीगेल आणि विल्फार्थ यांनी दाखवलं, की वाटाण्याचं रोप निर्जंतुक वाळूत लावलं तर नत्रावाचून खुरटतं. त्याच वाळूत शेतातल्या मातीचं थोडं पाणी घातलं, की मुळांवर गाठी येतात आणि रोप जोर धरतं. दोन वर्षांनी, १८८८ साली, हॉलंडमध्ये बायेरिंक यांनी त्या गाठीतून जिवाणू वेगळा काढून वाढवला. १८९६ मध्ये तर जिवाणूंचं कल्चर बाटलीतून विकायलाही सुरुवात झाली होती. म्हणजे काकांच्या हातातलं पाकीट ही कालपरवाची गोष्ट नाही, सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आपल्याकडे पुसा येथे एन. व्ही. जोशी यांनी १९२० च्या सुमाराला या जिवाणूंचा अभ्यास सुरू केला.

शाळेच्या पुस्तकात या जिवाणूचं नाव एकच दिलेलं असतं : रायझोबियम. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. प्रत्यक्षात हा एक जिवाणू नाही, मोठा गोतावळा आहे. आज त्याच्या शंभरावर जाती आणि डझनाहून अधिक वंश माहीत आहेत. त्यातले काही एकमेकांचे इतके दूरचे आहेत, की त्यांना नातेवाईक म्हणणंही कठीण. सगळ्यांत समान एवढंच, की ते शेंगा देणाऱ्या कुळातल्या झाडांच्या मुळांवर गाठी करून राहू शकतात.

आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरूनच पाहा. वाटाणा आणि मसूर यांच्या गाठीत 'रायझोबियम लेग्युमिनोसारम' राहतो. हरभऱ्याला तो चालत नाही. त्याला 'मेसोरायझोबियम' लागतो, आणि याबाबतीत हरभरा फार चोखंदळ आहे. मेथी आणि जनावरांचा लसूणघास यांचा सोबती 'एन्सिफर' (याचं जुनं नाव सायनोरायझोबियम). तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग आणि सोयाबीन यांच्याकडे बहुतेक वेळा 'ब्रॅडीरायझोबियम' असतो. 'ब्रॅडी' म्हणजे हळू. प्रयोगशाळेच्या बशीत तो इतरांपेक्षा सावकाश वाढतो, म्हणून हे नाव. राजमा मात्र या बाबतीत अगदी सैल, अनेकांना घरात घेतो. त्याचा परिणाम असा, की त्यातले पुष्कळ जण कामाचे नसतात आणि राजम्याला नत्र बेताचंच मिळतं.

कोण कुणाकडे राहतं, हे ठरतं कसं? रोपाचं मूळ मातीत काही रसायनं सोडतं. सोयाबीनच्या मुळातून जेनिस्टीन आणि डेडझीन नावाची द्रव्यं पाझरतात. जवळपासच्या ज्या जिवाणूला ही खूण ओळखता येते, तो उलट आपली एक खूण पाठवतो. तिला 'नॉड फॅक्टर' म्हणतात. ही खूण साखरेच्या साखळीवर बसवलेल्या मेदाच्या शेपटीसारखी असते आणि प्रत्येक जिवाणूची थोडी वेगळी असते. तिची पहिली नेमकी रचना १९९० साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी लसूणघासाच्या जिवाणूपासून उलगडली. खूण जुळली, तर मुळावरचा बारीक केस काठीच्या मुठीसारखा वळतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आत एक नळी तयार होते. तिच्यातून जिवाणू आत शिरतात आणि तिथे गाठ वाढू लागते. खूण जुळली नाही, तर दार उघडत नाही. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला लावला तर काही होत नाही, ते म्हणूनच. पाकिटावर पिकाचं नाव लिहिलेलं असतं, तेही याचसाठी. दुकानात "कोणतंही चालतं" असं सांगितलं, तर चालत नाही.

आता सोयाबीनकडे वळू. माळव्याच्या काळ्या मातीत पिवळं सोयाबीन तसं नवं. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाबरोबर त्यावर काम केलं. त्याआधी माळव्यात बरीचशी काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवत आणि साठलेल्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घेत. सोयाबीनने पावसाळ्याचं पीक दिलं आणि चित्र बदललं. १९८७ साली इंदूरला सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. काळ्या बियांचं सोयाबीन मात्र त्याआधीपासून इथे थोडंफार होतं. त्याला लोक 'कालीतूर' म्हणत. तुरीशी त्याचा संबंध नाही.

सोयाबीनचं मूळ घर चीन. मग आपल्या मातीत त्याचा सोबती होता का? अमेरिकेत पीक नवं होतं तेव्हा तिथल्या जमिनीत योग्य जिवाणू नव्हते आणि ते बियाण्याबरोबर न्यावे लागले. आपल्याकडे शास्त्रज्ञांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या सोयाबीनच्या गाठी उघडून आतल्या जिवाणूंच्या डीएनएची तपासणी केली. जगभरच्या कल्चरमध्ये वापरले जाणारे जिवाणू म्हणजे 'ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम' आणि त्याचे जवळचे भाऊबंद. आपल्या शेतांतल्या गाठींत मात्र मोठ्या प्रमाणात वेगळाच निघाला : 'ब्रॅडीरायझोबियम युआनमिंगेन्से'. नाव ऐकून तो चीनहून आला असं वाटेल. नाव चिनी आहे एवढं खरं, कारण त्याची पहिली ओळख २००२ साली बीजिंगमध्ये एका रानटी शेंगवर्गीय झुडपाच्या गाठीतून झाली आणि तिथल्या युआनमिंग उद्यानावरून नाव पडलं. पण हाच जिवाणू आपल्या तूर, मूग, उडीद आणि चवळीच्या गाठींतही सापडतो. म्हणजे सोयाबीन इथे आलं, तेव्हा त्याला घरात घेणारं कुणीतरी मातीत आधीच बसलेलं होतं. तुरी-मुगाचा जुना शेजारी या नव्या पाहुण्याकडेही जाऊ लागला.

इथे काकांच्या दोन पट्ट्यांचं कोडं सुटायला लागतं. त्यांच्या शेतात वर्षानुवर्षं सोयाबीन आणि त्याआधी तूर-मूग होत आलं असणार. अशा मातीत, अगदी चिमूटभर मातीतसुद्धा, गाठी करू शकणारे हजारो जिवाणू असतात. बिनपाकिटाच्या पट्ट्यात गाठी केल्या त्या यांनी. आणि पाकिटाच्या पट्ट्यात? तिथेही बहुतेक यांनीच! कारण पाकिटातला जिवाणू बियाण्याला चिकटून जमिनीत उतरतो, तर गावातले जिवाणू मूळ जाईल तिथे आधीच हजर असतात. अमेरिकेत आयोवामध्ये १९७४ साली वीव्हर आणि फ्रेडरिक यांनी याचा हिशेब मांडला. निम्म्या गाठी तरी पाकिटातल्या जिवाणूने कराव्यात असं वाटत असेल, तर मातीच्या दर ग्रॅममध्ये जेवढे स्थानिक जिवाणू असतील त्याच्या हजारपट जिवाणू एकेका बियाण्यावर हवेत, असं त्यांना दिसलं. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात '१२३' क्रमांकाच्या गटातला जिवाणू जमिनीत असा ठाण मांडून बसला आहे, की त्याच्याहून चांगले काम करणारे जिवाणू लावले तरी बहुतेक गाठी तोच बळकावतो.

तेव्हा 'गाठी सारख्याच दिसल्या' यावरून पाकीट खोटं ठरत नाही. पाकीट खरं असलं, तरी त्यातला जिवाणू दाराशी पोचला आणि घर आधीच भरलेलं होतं, असंही झालेलं असू शकतं.

मग गावातल्याच जिवाणूंवर सोडून द्यावं का? इथे दुसरा प्रश्न येतो. गाठ करणं आणि नत्र देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर बांधून राहणारा प्रत्येक जण घरखर्चाला हातभार लावतोच असं नाही. काही जिवाणू झाडाकडून साखर घेतात आणि नत्र अगदी थोडं देतात. झाडाला हे महाग पडतं, कारण एक ग्रॅम नत्र मिळवायला ते साधारण सहा ते बारा ग्रॅम कार्बन खर्च करतं. म्हणून झाडही हिशेब ठेवतं. कॅलिफोर्नियात टोबी कीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली सोयाबीनवर एक सुंदर प्रयोग केला. काही गाठींभोवतीच्या हवेतलं नत्र काढून तिथे आर्गॉन वायू भरला. जिवाणू तेच होते, पण आता त्यांना इच्छा असूनही नत्र देता येईना. झाडाने त्या गाठींकडचा ऑक्सिजन आखडता घेतल्याचं दिसलं आणि त्या गाठींतल्या जिवाणूंची वाढ जवळजवळ निम्म्यावर आली. झाडाला जिवाणूचं कूळ बघता येत नाही, त्याने काय दिलं ते मात्र कळतं.

आपल्यालाही ते ओळखता येतं, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, फुलं लागायच्या सुमाराला, रोप खुरपीने मातीसकट काढायचं. उपटायचं नाही, उपटलं की निम्म्या गाठी जमिनीतच राहतात. मुळं बादलीतल्या पाण्यात हळू बुडवून माती सुटू द्यायची. मग गाठ नखाने किंवा ब्लेडने कापून आतला रंग बघायचा. आत गुलाबी-लाल दिसलं, तर गाठ काम करते आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा भाऊच. जपानमधल्या कुबो यांनी १९३९ साली तो ओळखला. नायट्रोजिनेज ऑक्सिजन लागला की बिघडतं, पण जिवाणूला श्वासाला ऑक्सिजन तर हवाच; हे लाल द्रव्य तो मोजून-मापून पोचवतं. गाठ आत पांढरट असेल, तर ती अजून कोवळी आहे किंवा आतला पाहुणा आळशी आहे. हिरवट किंवा तपकिरी असेल, तर तिचं वय झालं. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून अशा वेगळ्या निघतात. पत्रलेखिकेला माझा पहिला प्रश्न हाच आहे : कापून पाहिल्या का?

आता थोडं शेताबाहेर जाऊ. सोयाबीन परक्या देशातून आलं आणि इथल्या जिवाणूंबरोबर नांदू लागलं. पण सगळीच बाहेरची झाडं असं करत नाहीत. अंगणातलं लाजाळू तुम्ही लहानपणी बोट लावून मिटवलं असेल. ते मूळचं दक्षिण अमेरिकेचं. त्याच्या गाठींत ब्रॅडीरायझोबियम वगैरे नसून 'कुप्रियाविडस' आणि 'बर्कहोल्डेरिया' राहतात. जिवाणूंच्या कुळवृक्षात हे रायझोबियमपासून इतके दूर आहेत, की २००१ सालापर्यंत असे जिवाणू गाठी करतात हेच शास्त्रज्ञांना माहीत नव्हतं. आपल्याकडे लाजाळूचे देशी नातेवाईकही आहेत. राजस्थानच्या थर वाळवंटात आणि इतरत्र वाढणाऱ्या काही काटेरी मिमोसा जाती. त्यांच्या गाठींत इथला एन्सिफर असतो. जोधपूरच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर दोघांची तुलना केली आणि २०१३ साली ती प्रसिद्ध केली. भारतातल्या लाजाळूने इतक्या काळात इथल्या भाऊबंदांचा जिवाणू घेतलेला नाही. जिथे जाईल तिथे त्याचे जुनेच सोबती त्याच्याबरोबर दिसतात.

तिसरी तऱ्हा न्यूझीलंडमध्ये दिसली. तिथे लोटस नावाचा चारा पेरायचा होता आणि मातीत त्याचा जिवाणू नव्हता, म्हणून बियाण्याला एकच निवडक जिवाणू लावला. सात वर्षांनी जॉन सलिव्हन आणि क्लाइव्ह रॉन्सन यांनी गाठी उघडल्या, तर आत कितीतरी वेगळेच जिवाणू! ते स्थानिकच होते, आधी त्यांना गाठी करता येत नव्हत्या. पाकिटातल्या जिवाणूकडून गाठी करण्याच्या जनुकांचा सुमारे पाच लाख अक्षरांचा अख्खा तुकडा त्यांनी घेतला होता. पाव्हण्याने घरात विद्या आणली आणि घरच्यांनी ती उचलली. ऑस्ट्रेलियात मात्र अशाच एका चाऱ्याच्या बाबतीत थोडं वेगळं झालं. तिथल्या जिवाणूंनी गाठी करायची विद्या तर उचलली, पण त्यातले पुष्कळ जण नत्र देण्यात कच्चे निघाले.

आपण सगळे कधीतरी कुठून तरी इथे आलेल्या घरांतले. कुणी होळकरांबरोबर, कुणी नोकरीच्या निमित्ताने नंतर. त्यामुळे या तीन तऱ्हा वाचताना कुणाला आपल्याच घरातली माणसं आठवली, तर माझी हरकत नाही. माझ्या डोळ्यांसमोर तर तिन्ही प्रकारचे नातेवाईक आले! पण जिवाणूंवरून माणसांना उपदेश करायचा नाही, असं मी हे सदर सुरू करतानाच ठरवलंय. तेव्हा शेताकडे परत.

काकांचा 'सरळ युरिया' हा विचार मात्र मला खरोखर काळजीचा वाटतो. मातीत तयार नत्र भरपूर दिसलं, की सोयाबीनचं मूळ जिवाणूंना दार उघडायचंच कमी करतं. त्याला फुकट मिळतंय, मग साखर कशाला खर्च करेल? गाठी कमी होतात, आहेत त्याही मंदावतात. पेरणीच्या वेळी थोडं नत्र देतात, हेक्टरी वीस-पंचवीस किलो. गाठी कामाला लागेपर्यंतच्या पहिल्या काही दिवसांची ती शिदोरी असते. तिथपर्यंत ठीक. पण गाठी गुलाबी असताना वरून गोण्या ओतणं म्हणजे पैसे देऊन चालू कारखाना बंद करणं. ब्राझील जगात सर्वांत जास्त सोयाबीन पिकवणाऱ्या देशांपैकी एक, आणि तिथे सोयाबीनला नत्रखत जवळजवळ टाकतच नाहीत. सगळी मदार जिवाणूंवर. त्यामागे योहाना डोबेराइनर यांचा आग्रह होता. त्या मूळच्या युरोपातल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर ब्राझीलमध्ये जाऊन राहिलेल्या. त्यांचं काम पुढे नेणाऱ्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ब्राझीलच्या मातीत सोयाबीनचे योग्य जिवाणू मुळात नव्हते, म्हणून तिथे पाकिटाचा फरक पहिल्या वर्षी डोळ्यांना दिसायचा. आपल्याकडे तो तसा दिसत नाही, कारण आपली माती रिकामी नव्हती.

मग पाकिटाचा उपयोग केव्हा? शेतात ते पीक पहिल्यांदाच घेत असाल, किंवा मध्ये बरीच वर्षं गेली असतील, तेव्हा नक्की. शेतात बरेच दिवस पाणी साचलं असेल, किंवा उन्हाळ्यात माती फार तापली असेल, तेव्हाही, कारण स्थानिक जिवाणूंची संख्या अशाने घटते. आणि गाठी कापल्यावर आतून पांढऱ्या निघत असतील तेव्हा. वापरायचं तर नीट वापरायचं. पाकिटावरची शेवटची तारीख पाहायची. ते उन्हात किंवा गाडीच्या डिकीत तापू द्यायचं नाही, आतले जीव मरतात. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, मग कीटकनाशक, आणि कल्चर सगळ्यांत शेवटी. बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरायचं. यातली एक पायरी चुकली, तरी पाकीट खरोखरच मातीत माती होतं.

बांधाकडेही एकदा बघा. तिथे उगवणारी रानटी शेंगवर्गीय झुडपं, टाकळ्याच्या आसपासची बारीक पानांची, पिवळ्या-जांभळ्या फुलांची रोपं आपण तण म्हणून जाळतो किंवा फवारतो. त्यातल्या कित्येकांच्या मुळांवर गाठी असतात आणि पीक नसतं त्या महिन्यांत मातीतले जिवाणू तिथे तग धरतात. (टाकळा स्वतः मात्र शेंगा देऊनही गाठी करत नाही. खणून पाहा.) युआनमिंगेन्से पुस्तकात नोंदला जाण्याआधीपासून आपल्या मातीत होता, तसे आणखी किती असतील. त्यांची नावं लागायच्या आधीच ते संपू नयेत.

इंदूरच्या लोकांना हे ऐकायला आवडेल, की मातीतल्या जिवांकडून काम करून घ्यायची कल्पना आपल्या गावाला नवी नाही. इथे १९२४ साली सुरू झालेल्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातल्या काडीकचऱ्याचं खत करायची पद्धत बसवली. जगात ती आजही 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. त्यांनीही सुरुवात केली ती शेतकरी काय करतो हे बघून.

म्हणून पत्रलेखिकेला शेवटी एवढंच सांगेन. तुझ्या काकांनी जे केलं, ते अगदी बरोबर केलं. एक पट्टा लावून आणि एक पट्टा न लावून दोन्ही शेजारी-शेजारी बघणं, हीच तर प्रयोगाची रीत. हेल्रीगेलनेही दुसरं काही केलं नव्हतं. त्यांनी तुझं ऐकलं आणि वर तपासून पाहिलं, याचा राग मानू नकोस. असा काका मिळायला नशीब लागतं. प्रयोग फक्त मध्यावर थांबला आहे. तो पूर्ण करा. आता शेंगा भरायच्या आत दोन्ही पट्ट्यांतून दहा-दहा रोपं खणून काढा, गाठी कापा, गुलाबी किती आणि पांढऱ्या किती ते वहीत लिहा. कापणीला दोन्ही पट्ट्यांचं सोयाबीन वेगळं मळा आणि वेगळं तोला. तोललेलं काय सांगतं ते काकांनी आणि तू मिळून वाचा. तू बंगळुरूला असशील, तर व्हिडिओवर काटा दाखवायला सांग.

आणि रब्बीत हरभरा घेणार असाल, तर पाकीट हरभऱ्याचंच आणा. सोयाबीनचं उरलेलं वापरू नका. हरभऱ्याच्या गाठी सोयाबीनसारख्या गोल मण्यांसारख्या नसतात, पोवळ्यासारख्या फाटे फुटलेल्या असतात. पोरांना दाखवा, त्यांना आवडतात.

बाकीच्या वाचकांनाही हेच काम. शेत नसेल, तर कुंडीत मेथी किंवा मूग पेरा. एका कुंडीत बागेतली माती, दुसऱ्यात धुऊन उकळलेली वाळू. महिन्याभराने मुळं धुऊन फोटो पाठवा. पुढच्या महिन्यात या सदरात काकांच्या काट्यावरचे आकडे आले असतील, तर ते छापू. नसतील आले, तर तुमच्या कुंड्यांबद्दल बोलू.